मीटर नवे, हिशेब जुनाच

जुन्या मोटारीचा सौदा पुण्यातील एखाद्या दलालाच्या आवारात होवो अथवा कोल्हापुरात दोन ओळखीच्या माणसांमध्ये होवो, खरेदीदाराचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. गाडी कोणत्या सालची, मालक कितवा, आणि रनिंग किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदणीच्या कागदावर असतात आणि ती परिवहन खात्याच्या दप्तराशी ताडून पाहता येतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र चाकामागच्या काचेआड दिसणारा एक आकडा देतो. त्या आकड्याला त्याच्या स्वतःखेरीज दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. सौद्याची किंमत मात्र पुष्कळशी त्याच्यावरच ठरते.

हा आकडा मागे घेण्याची युक्ती, म्हणजेच बाजाराच्या भाषेत 'मीटर पाडणे', आता सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याविषयी संतापाने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या विषयाची दुसरी एक बाजू आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मीटर कधीकधी खरोखरच बिघडते. पावसाळ्यात पाणी शिरते, तारांमध्ये दोष निर्माण होतो, अपघातात पुढचा भाग चेपतो, किंवा पडदा कायमचा काळा पडतो. अशा वेळी संपूर्ण संचच बदलावा लागतो. मग जुन्या मीटरवरच्या आकड्याचे काय व्हायचे? हा प्रश्न वरकरणी मेकॅनिकच्या कक्षेतला वाटतो. प्रत्यक्षात त्याच्यावर एका मोठ्या बाजारपेठेचा विश्वास अवलंबून आहे, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर देणारी कोणतीही ठरलेली पद्धत नाही.

अंतर मोजण्याची हाव मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अशा एका गाडीचे वर्णन केले आहे, की जिचे चाक चारशे वेळा फिरले म्हणजे एक मैल पुरा होई आणि एक खडा भांड्यात पडे. भांड्यातले खडे मोजले की झालेला प्रवास कळे. त्या भांड्यातून दोन खडे काढून घेणे कोणालाही जमले असते, हे निराळे सांगावयास नको.

मोटारींच्या पहिल्या पिढ्यांतील मीटर तत्त्वतः या गाडीहून फार वेगळे नव्हते. गिअरबॉक्सपासून निघालेली केबल मीटरपर्यंत पोचे, आणि तिच्या फिरण्याने दातेरी चक्रांमार्फत आकड्यांचे छोटे पिंप पुढे सरकत. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर आपोआप पुन्हा शून्यावर येई. त्यामुळे त्या काळच्या गाडीच्या आकड्याविषयी जाणता गिऱ्हाईक आधीच साशंक असे. आकड्यापेक्षा पेडलवरचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगची तकाकी अधिक खरे बोलतात, असे तो मानी. पिंप हाताने मागे फिरवले तर आकडे एका ओळीत नीट बसत नसत. ही खूणही पुष्कळांना ठाऊक होती.

हल्लीच्या मोटारीत केबल नाही व पिंपही नाहीत. आकडा एका इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवलेला असतो. ही स्मृती मीटरच्या संचातल्याच एका चिपमध्ये असते. काही गाड्यांत त्याच आकड्याची दुसरी प्रत अन्य नियंत्रक पेटीतही ठेवलेली असते. ओळीत न बसणारे पिंप ही जी एक दृश्य खूण होती, ती या प्रगतीत नाहीशी झाली. पडद्यावरचा खोटा आकडा खऱ्या आकड्याइतकाच स्वच्छ आणि सरळ दिसतो. यंत्र सुधारले, ग्राहकाची परीक्षा करण्याची शक्ती मात्र उणावली.

अशा गाडीचा मीटर-संच बदलताना काय घडते, ते तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. कंपनीकडून आलेला नवा संच शून्य आकडा घेऊन येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून त्यात जुना आकडा भरता येतो. पुष्कळ गाड्यांत हे काम एकदाच करू दिले जाते, आणि आकडा पुढे नेता येतो, मागे आणता येत नाही. ही योजना शहाणपणाची आहे. तथापि नवा संच महाग असतो. म्हणून मध्यमवर्गीय मालक, विशेषतः गाडी सात-आठ वर्षांची झाली असेल तर, कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराकडे वळतो. तेथे मिळणारा संच कोठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीचा असतो आणि तो त्या गाडीचे किलोमीटर सोबत घेऊन येतो. दाता गाडी चाळीस हजार धावली असेल आणि आपली नव्वद हजार, तर अधिकृत उपकरणाने आकडा वर नेण्याची निदान शक्यता असते. पण दाता गाडी दीड लाख धावली असेल तर आकडा खाली आणणे भाग पडते. ते काम अधिकृत उपकरण करीत नाही. मग चिपमधील मजकूर थेट वाचून पुन्हा लिहिणारा कारागीर शोधावा लागतो.

खरी अडचण येथेच आहे. प्रामाणिक मालकाला ज्या कारागिराकडे जावे लागते, त्याच कारागिराकडे मीटर पाडून घेणाराही जातो. टेबल तेच, उपकरण तेच, लागणारा वेळही तोच. एक जण खोटा आकडा खरा करून घेतो, दुसरा खऱ्याचा खोटा. काम संपल्यावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर कोणती कोणाची, हे सांगण्याचे साधन त्या गाड्यांमध्ये उरत नाही. दुरुस्ती आणि फसवणूक यांतला भेद यंत्रात शोधून सापडणार नाही. तो कोठे सापडलाच तर काम झाल्यावर मागे राहिलेल्या कागदात सापडेल, आणि तो कागद आपल्याकडे करावाच लागतो असे नाही.

याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो? समजा, सांगलीच्या एका माध्यमिक शिक्षकाची २०१६ सालची मोटार ९२,००० किलोमीटर धावली असताना पुराच्या पाण्याने तिचे मीटर निकामी झाले. त्यांनी नवा संच बसवला. गॅरेजवाल्याने, वेळ नाही म्हणून असो वा माहिती नाही म्हणून असो, जुना आकडा भरला नाही. पुढील तीन वर्षांत गाडी आणखी ३१,००० किलोमीटर चालली. आता मीटर ३१,००० दाखवते आणि गाडी प्रत्यक्षात १,२३,००० धावलेली आहे. विक्रीच्या वेळी गुरुजींपुढे दोन मार्ग आहेत. गप्प राहिले तर गाडीला चांगला भाव येतो, पण ती फसवणूक ठरते. खरे सांगितले तर गिऱ्हाईकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की मीटर बदललेच आहे तर हे सांगतात तो आकडा तरी खरा कशावरून? कदाचित गाडी दोन लाख धावली असेल! म्हणजे खरे बोलणाऱ्याला १,२३,००० किलोमीटरच्या गाडीचाही न्याय्य भाव मिळत नाही. संशयाची वजावट त्याच्याच माथी बसते. गप्प बसणाऱ्याला मात्र ३१,००० चा भाव मिळतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही कोंडी ओळखीची वाटेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातले प्रमुख उदाहरण जुन्या मोटारींच्या बाजाराचेच होते. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशी स्थिती असेल तर ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी किंमत देऊ करतो. चांगल्या मालाच्या मालकाला ती किंमत परवडत नाही, म्हणून तो बाजारातून काढता पाय घेतो. मागे वाईट माल अधिक उरतो, सरासरी आणखी घसरते, आणि चक्र पुढे चालू राहते. खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावते, या ग्रेशॅमच्या नियमाशी याचे नाते स्पष्ट आहे. फरक इतकाच की नाण्यांच्या बाबतीत खरे-खोटे दोघांनाही कळते. येथे एकाच पक्षाला कळते. माहितीच्या या विषमतेवरील कार्याबद्दल अकरलॉफ यांना २००१ साली स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळाल्यालाही आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. आपल्याकडे नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींचे व्यवहार संख्येने अधिक होऊ लागले आहेत. तरीही या बाजाराला माहिती पुरवण्याची व्यवस्था मात्र अद्याप भांड्यातल्या खड्यांच्याच अवस्थेत आहे.

वास्तविक कारकुनी व्यवहारात हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. खातेवही भरली की नवी वही उघडतात, पण तिच्या पहिल्या ओळीत मागील शिल्लक पुढे ओढलेली असते. वही नवी म्हणून देणे शून्य झाले, असे कोणी म्हणत नाही. सरकारी नोकराची बदली झाली तर त्याची सेवापुस्तिका त्याच्यामागून जाते, आणि नव्या कचेरीत त्याची सेवा पहिल्या दिवसापासून मोजत नाहीत. मोटारीचे किलोमीटर हे मोटारीचे असतात. मीटर ही त्यांची केवळ वही. इतकी साधी गोष्ट परिवहनाच्या कारभारात उतरू नये, याचे आश्चर्य वाटते.

हा केवळ पैशाचा प्रश्न असता तरी तो क्षुल्लक ठरला नसता. परंतु गाडीची देखभालही किलोमीटरच्या हिशेबाने होते. इंजिनातील टायमिंग बेल्ट ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात व इंजिन निकामी होते. ३१,००० चा आकडा पाहून निश्चिंत झालेला नवा मालक हा पट्टा बदलण्याचा विचारही करणार नाही. शिवाय विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये, गाडी जितकी चालेल त्या प्रमाणात हप्ता आकारणाऱ्या विमा योजनांना मुभा दिली आहे. म्हणजे आता हप्त्याच्या हिशेबातही या आकड्याला स्थान मिळाले आहे.

परदेशांनी यावर काय केले, ते थोडक्यात पाहण्याजोगे आहे. अमेरिकेने १९७२ साली केलेल्या संघीय कायद्यात मीटर मागे घेणे हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्यात दुरुस्तीचाही विचार झाला, हे विशेष. मीटर दुरुस्त केले अथवा बदलले तर आकडा पूर्वीइतकाच राहिला पाहिजे. ते शक्य नसेल तर नवे मीटर शून्यावर आणावे, आणि बदलापूर्वीचा आकडा व बदलाची तारीख लिहिलेली सूचना गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवावी, असा तेथे दंडक आहे. फसवण्याच्या हेतूने ती सूचना काढून टाकणे हाही गुन्हाच. (तेथे चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवी चौकट म्हणावी लागेल.) १९८६ च्या कायद्याने विक्रीच्या वेळचा आकडा मालकीच्या कागदावरच नोंदवणे आवश्यक केले. या कायद्यांनी फसवणूक संपली असे मुळीच नाही. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्याच अंदाजानुसार वर्षाला साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्याने विकल्या जातात. मोठ्या कंपन्याही या मोहातून सुटल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी मीटर काढून ठेवून वापरलेल्या गाड्या नव्या म्हणून विकल्याच्या आरोपावरून १९८७ साली क्रायस्लर कंपनीवर खटला भरला गेला, आणि तिचे प्रमुख ली आयकोका यांना जाहीरपणे चूक मान्य करावी लागली.

अधिक उपयोगी धडा बेल्जियमचा आहे. त्या छोट्या देशाने २००६ च्या अखेरीपासून 'कार-पास' नावाची पद्धत सुरू केली. गॅरेज असो, टायर बसवणारा असो वा तपासणी केंद्र असो, गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने त्या दिवशीचा मीटरचा आकडा एका मध्यवर्ती नोंदवहीत कळवायचा, आणि विक्रीच्या वेळी मालकाने त्या सर्व नोंदींचा कागद खरेदीदाराला द्यायचा. देशांतर्गत व्यवहारांत ही फसवणूक तेथे नगण्य झाली. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तीत आकडा टिपला जातो, आणि केवळ गाडीचा क्रमांक टाकून कोणीही तो इतिहास विनामूल्य पाहू शकतो. या दोन्ही ठिकाणी चिप अभेद्य करण्याच्या खटाटोपावर भिस्त ठेवलेली नाही. आकड्याला बाहेरचा साक्षीदार मिळवून दिला आहे. मीटर बदलून शून्य झाले तरी मागची मालिका दप्तरात राहते, आणि आमच्या सांगलीच्या गुरुजींचे म्हणणे खरे की खोटे, हे एका क्षणात कळते.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ओडोमीटरमधील फेरफार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आलेला नाही. फसवणूक सिद्ध झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा आधार घेता येतो, परंतु सिद्ध कशी करावयाची हाच तर मूळ प्रश्न आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याविरुद्ध उपयोगी पडतो. दोन खासगी व्यक्तींतील सौद्यात मात्र त्याचे कवच मिळणे कठीण. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नियम केले व ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांनुसार अधिकृत विक्रेत्याने आपल्या ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची, अंतरासह, इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण गाडी विक्रेत्याच्या दारात येण्यापूर्वीच्या आठ-दहा वर्षांवर त्याने प्रकाश पडत नाही.

आणि येथे एक विसंगती नजरेस आणून दिल्यावाचून राहवत नाही. रिक्षाचे भाडेमीटर तपासून त्याला सील लावण्याची सरकारी व्यवस्था आपल्याकडे आहे. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. त्या २६ रुपयांच्या अचूकतेसाठी राज्य यंत्रणा राबते, आणि ती राबावी हेही बरोबरच. पण ज्या मीटरच्या आकड्यावर लाखो रुपयांचे सौदे ठरतात, त्याला सीलही नाही आणि तो बदलल्याची नोंद करावयाला दप्तरात एक रकानाही नाही.

यावर उपाय करण्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. खासगी गाडीची सरकारी तपासणी पंधरा वर्षे होत नाही हे खरे, तथापि प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र प्रत्येक गाडीला वर्षाला किंवा सहा महिन्यांना घ्यावेच लागते, आणि विम्याचेही वेळोवेळी नूतनीकरण होते. या प्रसंगी मीटरचा आकडा टिपून तो 'वाहन' या राष्ट्रीय नोंदणीशी जोडला आणि खरेदीदारास पाहण्यास खुला केला, तर पाच-सहा वर्षांत प्रत्येक गाडीची एक मालिका तयार होईल. जो कोणी मीटर-संच बदलेल, मग तो अधिकृत असो वा रस्त्याकडेचा, त्याने जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख लिहिलेला दाखला देणे बंधनकारक करावे, आणि मालकाने तो नोंदणीत चढवून घ्यावा. हे काम टाळणे हाच गुन्हा ठरवला, म्हणजे चिपवाल्या कारागिराच्या टेबलापाशी प्रामाणिक माणूस आणि लबाड माणूस वेगळे ओळखता येतील.

याला आक्षेप येतील आणि ते सर्वच पोकळ नसतील. प्रदूषणाचे प्रमाणपत्र गाडी न पाहताच देणारी केंद्रे आपल्याकडे आहेत, तेथे आकडा काय टिपला जाणार, असे कोणीही विचारील. शंका रास्त आहे. मात्र एक खोटी नोंद करणे सोपे असले तरी ती आधीच्या आणि नंतरच्या नोंदींशी जुळवत नेणे अवघड असते. दरवर्षी दहा हजारांनी वाढणारा आकडा एका वर्षी अचानक चाळीस हजारांनी घसरला, तर ते पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पहिल्याच वर्षापासून कमी आकडे लिहवून घेणारा महाभाग निघेल, नाही असे नाही. परंतु गाडी विकण्याच्या आठ वर्षे आधीपासून लबाडीची तयारी करणारे लोक थोडेच असतात. दुसरा आक्षेप छोट्या गॅरेजवाल्यांवरील बोजाचा. एक ओळ लिहिण्याचा बोजा फार मोठा म्हणता येणार नाही. उलट दाखला देणाऱ्या गॅरेजकडे गिऱ्हाईक वळेल, हाच संभव अधिक.

नियम होईपर्यंत ज्याच्या गाडीचे मीटर बिघडेल, त्याला स्वतःपुरती व्यवस्था करण्यावाचून गत्यंतर नाही. पडदा पुरता विझण्यापूर्वी आकड्याचे छायाचित्र घ्यावे. गॅरेजच्या जॉब कार्डावर जुना आणि नवा, असे दोन्ही आकडे लिहवून त्यावर सही-शिक्का घ्यावा. नव्या संचात जुना आकडा भरता येत असेल तर तो भरून घेण्याचा आग्रह धरावा, त्यासाठी दोन दिवस गाडी ठेवावी लागली तरी. जुना संच भंगारात न टाकता घरी ठेवावा, कारण त्याच्या चिपमधील आकडा पुढेही वाचता येण्याचा संभव असतो. आणि पडदा अचानक गेल्यामुळे अखेरचा आकडा कळतच नसेल तर शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावरील आकडा, त्या बिलाची तारीख आणि त्यानंतर झालेल्या प्रवासाचा अंदाज, या तिन्ही गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहाव्यात, आणि अंदाजाच्या आकड्यापुढे 'अंदाजे' हा शब्द विसरू नये.